पुठ्ठ्यावरचा मदरबोर्ड

यंदाच्या अंकाचा विषय 'दुरुस्ती' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा आधी डोळ्यांसमोर आली ती जुनी घड्याळं आणि शिवणयंत्रं. पण जालन्यात मामा चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या एका संगणकाच्या दुकानात बसू लागलो आणि मत बदललं. दुरुस्तीचा सगळ्यात अवघड प्रकार नव्याकोऱ्या वस्तूच्या वाट्याला येतो. जे यंत्र कालपर्यंत चालत होतं, त्याच्या मालकाला विचारता येतं, की काल आणि आज यांत काय बदललं? पाणी सांडलं का, वीज कडाडली का, कुणी काही उघडलं का? जे यंत्र कधी चाललंच नाही, त्याच्याबद्दल काय विचारणार? तिथे प्रत्येक भाग, प्रत्येक वायर, प्रत्येक स्क्रू संशयित. आणि घरच्यांचा ठाम समज असा की वस्तू नवी आहे, म्हणजे ती चांगलीच असणार, किंवा मग दुकानदारानं फसवलं असणार.

सुटे भाग आणून जोडलेला संगणक म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 'असेंबल' मशीन. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि कॅबिनेट आणखी कुणाचे. पूर्वी हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, खोक्यांत भरून येई आणि जोडणी दुकानातच होई. आता भाग थेट घरी येतात. व्हिडिओ बघत बघत पोरं-पोरी स्वतःच्या हातानं जोडतात. मला यात फार चांगलं काही दिसतं. ज्या जिल्ह्यानं लोखंड वितळवून सळ्या ओढल्या आणि बियाण्यांच्या कंपन्या उभ्या केल्या, तिथल्या मुलांना डब्याच्या आत काय आहे हे बघावंसं वाटतं, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र जोडून झाल्यावर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर व्हिडिओ तिथे संपलेला असतो.

मोटर शेवटी वर काढायची

त्या दुपारी एक बाप-लेक आले. मोटारसायकलवरून, लेकीनं कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलेलं. मोसंबीचे बागायतदार, अंबडहून घनसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत त्यांची शेतवस्ती. मुलगी छत्रपती संभाजीनगरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत तिनं मशीन स्वतः जोडलं होतं.

"दादा, बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. दोन सेकंदांनी परत तसंच."

"नवीकोरी वस्तू हाये भाऊ," वडील म्हणाले, "अन् चालूच व्हईना. कामून?"

दुकानदार चाळिशीचा. मामाच्या हाताखाली टीव्ही दुरुस्त करत शिकलेला. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, तेव्हा त्या वर्गांचे संगणक सांभाळता सांभाळता तो या धंद्यात आला. त्यानं पेचकस हातात घेतला नाही. आधी विचारलं, "ताई, घरी काय काय केलं ते क्रमानं सांगा. काही काढून परत लावलं असंल तर तेबी सांगा." ती सांगत गेली, तो ऐकत गेला. मधे तो एकदाच बोलला, "पंखा थोडा तरी फिरतो ना? मग बरं आहे."

बरं का, ते समजून घेण्यासारखं आहे. प्लग लावून मागचं बटण चालू केलं की संगणक बंद दिसत असला तरी एसएमपीएस अर्धवट जागा असतो. एका जांभळ्या वायरीतून मदरबोर्डला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा सतत चालू असतो. पुढचं बटण दाबल्यानं वीज थेट सुटत नाही. ते बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडतं, एवढंच. मग बोर्ड हिरवी वायर काळ्या वायरीशी जोडतो आणि त्या इशाऱ्यावर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सोडतो. ते स्थिरावले की करड्या वायरीतून 'पुरवठा ठीक आहे' असा निरोप येतो. अर्ध्या सेकंदाच्या आतली ही गोष्ट, पण तो निरोप आल्याशिवाय प्रोसेसर पहिली आज्ञासुद्धा वाचत नाही. त्यानंतर बोर्डावरच्या चिपमधला बायोस जागा होऊन प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले असं एकेक तपासतो. या तपासणीची रीत पहिल्या आयबीएम पीसीपासूनची. तो पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. त्या पीसीत तपासणी सुखरूप पार पडली की एक छोटी 'बीप' वाजे. आजही आमच्या या दुकानदाराच्या खणात वायरीला लावलेला बोटाच्या पेराएवढा स्पीकर असतो, तो बोर्डाला जोडून तो कान देतो.

तर पंखा अर्धा फेरा फिरला, याचा अर्थ भिंतीतली वीज आली, बटण चाललं, इशारा पोचला आणि एसएमपीएसनं पुरवठा सोडलाही. सोडल्याबरोबर त्याला कुठेतरी वीज भलत्याच वाटेनं जाताना दिसली आणि त्यानं हात आखडता घेतला. हे संरक्षण आहे. ते नसतं तर बोर्ड जळाला असता.

वडिलांना हे सगळं सांगायला त्यानं त्यांच्याच शेतातलं उदाहरण घेतलं. "काका, बोअरची मोटर चालू व्हईना तर तुम्ही आधी काय बघता?"

"फेज हाये का नाही ते. मग फ्यूज. मग स्टार्टर."

"आन् मोटर कधी वर काढता?"

"लई शेवटी. तिला चार माणसं लागतेत."

"इथंबी तेच. बोर्ड खराब आहे हे मी लई शेवटी म्हणणार."

पुठ्ठ्यावर

त्यानं सगळं बाहेर काढलं. हार्ड डिस्क, एसएसडी, पुढच्या यूएसबीच्या वायरी, कॅबिनेटचे पंखे. मदरबोर्ड ज्या खोक्यातून आला होता, तो रिकामा पुठ्ठ्याचा खोका मुलीनं सोबत आणला होता. त्यावर बोर्ड ठेवला. बोर्डावर उरलं ते फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि रॅमची एक पट्टी. एसएमपीएसच्या दोन जोडण्या: २४ पिनांची मोठी, आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची, जी नवखे हमखास विसरतात. ती विसरली तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि पडदा काळाच राहतो. इथे ती बरोबर बसलेली होती. बटणही त्यानं घेतलं नाही. पेचकसाचं टोक दोन पिनांना टेकवलं.

पंखा सुरू झाला आणि सुरूच राहिला. काही क्षणांनी त्या चिमुकल्या स्पीकरमधून एक बीप आली. मुलीचा श्वास सुटला तो मला ऐकू आला.

आता संशय बोर्डावरून उठून कॅबिनेटवर आला. त्यानं रिकामं कॅबिनेट आडवं केलं, मोबाइलचा उजेड आत धरला आणि मुलीलाच म्हणाला, "मोजा." आतल्या पत्र्यावर पितळी खुंट्या असतात. मदरबोर्ड त्या खुंट्यांवर टेकतो, म्हणजे त्याची मागची बाजू पत्र्याला लागत नाही. मोठा एटीएक्स बोर्ड सुमारे ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटरचा, तिचा होता मायक्रो-एटीएक्स, २४.४ सेंटिमीटरचा चौरस. कॅबिनेट दोन्हींसाठी बनवलेलं, आणि कारखान्यातून खुंट्या मोठ्या बोर्डाच्या मापानं बसवून आलेल्या. तिच्या बोर्डाला जिथे भोकच नव्हतं, तिथेही एक पितळी खुंटी उभी होती. तिनं बोर्ड उलटा करून पाहिला. मागे डाखकामाच्या टोकांवर, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, एक ताजा चकचकीत ओरखडा. खुंटीचं डोकं नेमकं तिथे टेकलेलं. पितळेतून वीज पत्र्यात जात होती.

त्यानं पान्यानं खुंटी काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग बोर्ड कॅबिनेटात परत बसवायला तिलाच लावलं. एकेक भाग वाढवायचा, दर वेळी चालू करून बघायचं. दोन भाग एकदम लावायचे नाहीत, कारण मग बिघाड कुणामुळे हे कळत नाही. तिला घाई होती, त्याला नव्हती. वडील तोवर खुर्ची पुढे ओढून बसले होते.

काळ्या पडद्याची कारणं

या दुकानात येणाऱ्या नव्या मशीनांपैकी भाग मुळातच मेलेला निघणं ही विरळी गोष्ट, असं दुकानदार म्हणतो, आणि तिथे बसून जे पाहिलं त्यावरून मला ते पटतं. बहुतेक दुखणी सांध्यांची आणि जुळणीची.

रॅम हे पहिलं. चार खाचा असतील तर एकच पट्टी बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत घालायची असते, आणि ती 'कट' असा आवाज येईपर्यंत दाबावी लागते. नव्या वस्तूला एवढा जोर द्यायला माणूस कचरतो, आणि पट्टी एका कडेनं केसभर वर राहते. जुन्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण नव्या रॅमला खोडरबर लागत नाही, जोर लागतो.

दुसरं, प्रोसेसरच्या नावामागचं अक्षर. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या आकड्यामागे 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात चित्र दाखवणारा भाग चालू नसतो. थोडा स्वस्त मिळतो म्हणून लोक तो घेतात, मॉनिटरची केबल बोर्डावरच्या एचडीएमआयला लावतात आणि मशीन बंद आहे असं समजतात. मशीन चालूच असतं. त्याला वेगळं ग्राफिक कार्ड हवं असतं. कार्ड असूनही केबल बोर्डालाच लावलेली असते, हेही त्याच घरातलं. एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांत हाच फरक, फक्त तिथे 'जी' असला तर चित्र येतं. भाग विकताना हे एका वाक्यात सांगता येतं, आणि ते न सांगितल्यामुळे लोकांचे हेलपाटे होतात, याचा मला राग येतो.

तिसरं सगळ्यात नवं. डीडीआर५ रॅमचं मशीन पहिल्यांदा चालू केलं की बोर्ड रॅमशी आपला वेग जुळवत बसतो. याला काही मिनिटं लागू शकतात. तोवर पडदा काळा, पंखे चालू. माणूस अर्ध्या मिनिटात घाबरून बंद करतो, परत चालू करतो, आणि जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जाफराबादकडच्या एका मुलानं असं मशीन आणलं होतं. दुकानदारानं ते चालू केलं, सगळ्यांना चहा सांगितला आणि कुणी बटणाला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. चहा येईतो पडद्यावर अक्षरं आली होती.

शिवाय बोर्ड कपाटात वर्षभर पडून राहिलेला आणि प्रोसेसर त्यानंतर बाजारात आलेला, असंही होतं. बोर्डाच्या बायोसला तो प्रोसेसर ओळखताच येत नाही. मग जुना प्रोसेसर तात्पुरता बसवून बायोस नवा करायचा, किंवा बोर्डाला तशी सोय असेल तर पेनड्राइव्हवरून. हल्लीच्या अनेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. तपासणी जिथे अडते तिथला दिवा लागून राहतो. घरी मशीन जोडणाऱ्यानं सगळ्यात आधी तिकडे बघावं.

काही बदललं नाही, मग पैसे कशाचे?

संध्याकाळ व्हायच्या आत बाप-लेकीचं मशीन कॅबिनेटात बसून चालू झालं होतं. दुकानदारानं पाचशे रुपये सांगितले. वडील भले माणूस, भांडायचा स्वभाव नव्हे, पण त्यांच्या तोंडून निघालंच, "सामान तर काहीच बदललं नाही."

हे वाक्य या दुकानात रोज ऐकू येतं. रॅम बदलली तर रॅमचे पैसे माणूस देतो, कारण वस्तू हातात दिसते. बिघाड शोधण्याचे पैसे देताना हात आखडतो. याचा परिणाम काय होतो, तो बघा. तपासणीचे पैसे मिळत नाहीत असं दिसलं की काही दुकानदार तपासणी सोडून सरळ भाग बदलायला सांगतात. चालू असलेला बोर्ड 'गेला' ठरतो. गिऱ्हाइकाचे काही हजार जातात, आणि धड असलेला भाग भंगारात जातो. प्रामाणिक माणसानं वेळ घालवून पितळी खुंटी शोधली, तर तो पाचशेला महाग.

वॉरंटीचा रस्ताही सोपा नाही. बोर्ड जालन्याबाहेर पाठवायचा, आठवडे वाट पाहायची. इंटेलच्या हल्लीच्या बोर्डांवर प्रोसेसरखाली केसासारख्या हजाराहून जास्त पिना असतात. एक वाकली तरी कंपनी वॉरंटी नाकारू शकते. म्हणून सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण कधी फेकायचं नाही. बोर्ड परत पाठवताना ते लावूनच पाठवावं लागतं. मुलीनं ते जपून ठेवलं होतं. दुकानदारानं तिला त्याबद्दल शाबासकी दिली, आणि बिलावर स्वच्छ अक्षरांत 'तपासणी' असं लिहून पैसे घेतले. मला ते फार योग्य वाटलं. प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर हा दर लिहिलेला असावा, आणि आयटीआयमधल्या हार्डवेअरच्या पोरांना चालू मशीनपेक्षा मुद्दाम बिघडवलेली मशीनं जास्त द्यावीत, असं माझं मत तिथे बसून पक्कं झालं.

वस्तीवर

दोनच दिवसांत मुलीचा फोन आला. मशीन पहाटे आणि रात्री चालू होतं, दिवसा होत नाही. दुकानदार फोनवरच म्हणाला, "आता दोष डब्यात नाही." मग तो वस्तीवर गेला, मीही सोबत गेलो.

घर बागेच्या कडेला, गावठाणापासून लांब, त्यामुळे वीज शेतीच्याच लाईनवरची. त्या आठवड्यात थ्री फेज दिवसा होती. आजूबाजूच्या विहिरी आणि बोअरवरच्या मोटरी चालू होत्या. त्यानं मल्टिमीटर एसीवर घेतला आणि भिंतीवरच्या बोर्डाच्या प्लगमध्ये दोन्ही टोकं घातली. १६८ व्होल्ट. घरातला पंखा रेंगाळत फिरत होता, तो त्याची साक्ष देतच होता. मग त्यानं एसएमपीएसच्या बाजूचं लेबल मुलीला वाचायला सांगितलं. त्यावर छापलेलं होतं: २०० ते २४० व्होल्ट. स्वस्तातल्या एसएमपीएसची हीच मर्यादा असते. १०० ते २४० व्होल्टवर चालणारे मिळतात, थोडे महाग, आणि शेताच्या लाईनवर तेच घ्यायला हवेत. तिनं वॅट पाहिले होते, व्होल्ट पाहायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आन् डब्याला हात लावला की झिणझिण्या येतेत," आई आतून म्हणाली. "म्या तर पोरीला म्हनलं, राहू दे ते."

त्यानं मीटरचं एक टोक फेजला आणि दुसरं प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात घातलं. काट्याच्या जागी अंक काहीतरी अधांतरी नाचत राहिला. प्लगची प्लेट खोलली. वरच्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. प्लग तीन पिनांचा, अर्थिंग मात्र नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी बारीक कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात, आणि त्यांतून झिरपणारी चिमूटभर वीज अर्थिंगमधून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थिंग नसलं की पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध, पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. मशीन खराब नसतं. पण एसएमपीएसमध्ये खरंच फेज पत्र्याला लागली, तर तिला जायला वाट हात लावणाऱ्या माणसातूनच.

वायरिंग करणाऱ्या गावातल्या मुलालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, न्यूट्रलचीच एक तार वरच्या भोकाला जोडून देतो, झिणझिण्या बंद होतील. दुकानदारानं त्याचा हात धरला. असं पुष्कळ ठिकाणी केलेलं असतं, आणि खांबावर न्यूट्रल तुटला की त्याच तारेतून सगळ्या घराच्या पत्र्या-लोखंडात वीज उतरते. न्यूट्रल तुटल्यावर एका फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या आसपासही जाऊ शकतात, ते वेगळंच.

मग परसात, मोरीचं पाणी जिथे जिरतं त्या बाजूला, खड्डा खणला. जमीन काळी, वर ओली आणि हातभर खाली कोरडी ठणठणीत. सळई ठोकली, कोळसा आणि मीठ भरलं, दोन हंडे पाणी ओतलं, हिरवी वायर घरात घेतली. मीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात २ व्होल्टच्या आत आकडा आला. मुलीनं कॅबिनेटला तळहात टेकवला आणि आईला बोलावून टेकवायला लावला. एसएमपीएस बदलून मागवायचा ठरलं. तोवर मोटरी बंद असतील तेव्हाच मशीन लावायचं. खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला पाणी घालायचं, हे वडिलांनी स्वतःच कॅलेंडरवर लिहिलं.

निघताना ते आम्हांला बोअरकडे घेऊन गेले. स्टार्टरचा लोखंडी डबा लाकडी खांबाला ठोकलेला, खाली ओल. वीज रात्रीची असेल त्या आठवड्यात ओल्या पायांनी, अंधारात, रोज त्याच डब्याचं झाकण उघडून ते मोटर चालू करतात. "ह्याला बी बघा की," ते म्हणाले. दुकानदारानं मीटर लावला. त्या डब्यालाही अर्थिंगची तार नव्हती. वायरिंगवाल्या मुलाला त्यांनी परत हाक मारली, आणि दुसरा खड्डा दिवस मावळायच्या आत खणायला घेतला.